प्रेमकथा लिहिते हे सांगायला जीभ रेटत नाही, काय करावं?

नीजमोड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी प्रेमकथा लिहिते. दोन कादंबऱ्या एका वाचनाच्या ॲपवर टोपणनावाने भागाभागाने आल्यात, वाचक आहेत, रात्री दोन वाजता "पुढचा भाग कधी टाकताय" म्हणून मेसेज येतात. पण घरात हे फक्त माझ्या बहिणीला माहितीये. बाकी कुणी विचारलं की काय लिहितेस, तर मी "असंच, माणसांबद्दल" असं काहीतरी पुटपुटते आणि विषय बदलते. आठ वर्षं हेच चाललंय.

आता जे झालं ते सांगते. तिसऱ्या कादंबरीवर काम चालू आहे. नायिका बेचाळीस वर्षांची, लहानपणी बुडता बुडता वाचलेली, त्यामुळे पाण्याची प्रचंड धास्ती. ती एवढ्या उशिरा पोहायला शिकायला येते. नायक तिथला कोच, घटस्फोट झालेला, कमी बोलणारा. पाठीवर तरंगायला शिकवताना तो तिच्या पाठीखाली तळहात धरतो आणि काढायच्या आधी दर वेळी सांगतो, "हात काढतोय." न सांगता एकदाही काढत नाही. लहानपणी तिच्या काकांनी नेमकं उलटं केलं होतं, "काही होत नाही गं" म्हणत मध्येच सोडून दिलं होतं. माझी सगळी कादंबरी त्या दोन शब्दांवर उभी आहे.

आमचा एक छोटा लेखनगट आहे, महिन्यातून एकदा जमतो. तिथे मी हे तरंगण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर कुणी काही बोलेना. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "भाषा चांगली आहे हो तुमची, मग हे असलं कशाला लिहिता? काहीतरी सकस लिहा." दुसरे म्हणाले टाइमपास म्हणून ठीक आहे. तिसऱ्या बाईंनी विचारलं की हे स्वतःच्या अनुभवातलं आहे का, आणि हसल्या.

मी घरी आले आणि त्याच रात्री शेवट बदलला. एका मुलाला वाचवताना नायक बुडतो, नायिका काठावर उभी. संपलं. पुढच्या महिन्यात तो शेवट वाचला तर सगळे खूश, "आता कसं वजन आलं!" मला आनंद व्हायला हवा होता ना? पण तेव्हापासून तीन आठवडे मी ती फाइल उघडलेली नाही. उघडायला गेले की पोटात खड्डा पडतो.

तुम्हाला विचारायचं ते हे, की लिहिणाऱ्यांपैकी कुणाला हा प्रकार भोगावा लागलाय का, आणि ही लाज कधी जाते का. टोपणनाव ठेवणं म्हणजे पळपुटेपणा आहे का. आणि तो शेवट परत बदलू का?

कोपऱ्यातला_दिवा

शेवट परत बदला. बाकीचं नंतर बघू. "हात काढतोय" वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसतीच बसले होते.

रात्रवाचक

मी लेखक नाही, वाचक आहे, त्यामुळे लिहिण्याबद्दल काही सांगण्याची माझी पात्रता नाही, पण वाचण्याबद्दल सांगतो कारण या सगळ्या चर्चेत वाचणाऱ्याला कुणी विचारतच नाही.

आई सात आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा रात्री मी तिच्यापाशी असायचो. तोपर्यंत मी इतिहास, चरित्रं, राजकारण असलं वाचणारा माणूस. तिथे बसून त्यातलं एक पानही पुढे सरकेना. दुसऱ्या पेशंटच्या मुलीने वाचून झालेलं एक पुस्तक खुर्चीवर ठेवलं होतं, प्रेमकथा, कव्हर बघून एरवी मी हातही लावला नसता. त्या रात्री वाचलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे अजून आहेत का म्हणून विचारलं. सात आठवड्यांत एकोणीस पुस्तकं वाचली. कव्हर दिसू नये म्हणून वर्तमानपत्राचा कागद घातला होता, कारण सकाळी राउंडला येणारे डॉक्टर काय म्हणतील असं वाटायचं. आज त्याची खंत वाटते. त्यांना काय पडलं होतं, आणि मला तरी का पडावं.

मला का वाचावंसं वाटलं ते सांगतो. पलंगावरच्या गोष्टीचा शेवट मला माहीत नव्हता, कुणालाच नव्हता, डॉक्टरांनाही नव्हता. आणि हातात एक गोष्ट होती जिचा शेवट मला पहिल्या पानापासून माहीत होता. त्या भरवशावर मी त्यातली भांडणं, गैरसमज, दुरावा, सगळं सोसू शकत होतो. रडलोसुद्धा, जे मला तोपर्यंत आईसाठी रडता आलं नव्हतं. लोक म्हणतात शेवट माहीत असेल तर वाचायचं कशाला. माझ्यासाठी तर शेवट माहीत होता म्हणूनच वाचणं शक्य झालं.

तेव्हा ताई, तो कोच बुडाला असता आणि मी ते पुस्तक त्या खुर्चीत बसून वाचत असतो, तर माझा फार मोठा विश्वासघात झाला असता. एवढंच सांगायचं होतं.

तिसरा_ड्राफ्ट

नीजमोड, वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना. चौदा वर्षं हेच लिहितेय.

लाज जाते का? हळूहळू जाते. पण तुझ्या बाबतीत जे घडलंय ते लाजेच्या पुढचं आहे आणि मला त्याबद्दलच बोलायचंय. लोक काय म्हणतात हे ऐकून चारचौघांत मान खाली गेली तर ते एक वेळ ठीक आहे, माणूस घरी येतो, विसरतो. पण ती लाज जेव्हा लिखाणात शिरते तेव्हा नुकसान होतं. माझ्या पहिल्या तीन पुस्तकांत ती पानोपानी आहे, आज वाचताना मला बोट ठेवून दाखवता येते. नायिका मनातलं बोलणार एवढ्यात मी एखादी मैत्रीण आत घुसवून विनोद करून टाकायचे, कारण ते बोलणं सरळ लिहायची मला भीती वाटायची. पहिल्यांदा जवळ येतात तिथे "पुढे काय झालं ते शब्दांत सांगता येणार नाही" असं लिहून प्रकरण बंद. अगं, शब्दांत सांगणं हेच तर माझं काम होतं! आणि पुस्तकाला इभ्रत यावी म्हणून मध्येच चाळीस पानांचा एक सामाजिक प्रश्न, ज्याचा त्या दोघांशी काडीचा संबंध नाही. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं. लेखिका स्वतःच्या गोष्टीपासून दोन पावलं लांब उभी आहे, आपलं नाव त्याच्याशी जोडलं जाऊ नये म्हणून, हे त्याला जाणवतं आणि मग तोही लांबच राहतो.

तुझा कोच त्याच लाजेपायी मेलाय. गोष्टीला त्याच्या मरणाची गरज नव्हती, तुला गटात मान वर करायची होती म्हणून मेला. आणि नीट बघ काय झालंय: दोनशे पानं तू सांगतेस की पाण्यावर विसंबता येतं, कुणीतरी हात काढायच्या आधी सांगणारं असतं, आणि शेवटी पाणीच त्याला गिळतं. म्हणजे शेवटी काकाच खरे ठरले. तुला हे म्हणायचं होतं का? असेल तर तो शेवट ठेव, शोकांतिका लिहिणं काही गुन्हा नाही. पण मग पहिल्या पानापासून ती शोकांतिका असायला हवी.

आता "सकस" बद्दल. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय. प्रेमकथेची एक साधी व्याख्या आहे, अमेरिकेत १९८० साली रोमान्स लेखकांची संघटना स्थापन झाली, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, तिने केलेली. दोनच अटी, प्रेमाची गोष्ट केंद्रस्थानी हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. बास. यापलीकडे तुला आकाश मोकळं आहे. दोन अटी आहेत म्हणून ते हलकं, असं म्हणणाऱ्यांना विचारावं की सुनीताच्या, म्हणजे सॉनेट या कवितेच्या, चौदा ओळी ठरलेल्या असतात म्हणून सुनीत हलकं असतं का. ओवीचा साचा ज्ञानेश्वरांच्या आधीपासून होता, म्हणून ज्ञानेश्वरी कमअस्सल होत नाही. साचा ठरलेला असतो तेव्हा सगळं लक्ष त्यात काय ओतलंय याच्याकडे जातं, म्हणून कच्चं काम तिथे लपत नाही.

आणि हे नीट ऐक, कारण मला हे कळलं तेव्हा माझ्या मनातलं मोठं ओझं उतरलं होतं. आपण नॉव्हेलला मराठीत काय म्हणतो? कादंबरी. ते नाव आलं कुठून? बाणभट्टाने सातव्या शतकात संस्कृतात लिहिलेल्या गद्यकथेवरून, आणि कादंबरी हे त्या कथेतल्या नायिकेचं नाव. प्रेमात पडलेल्या मुलीचं. कादंबरी आणि चंद्रापीड, महाश्वेता आणि पुंडरीक, दोन जोडपी, ताटातूट, मरण, पुन्हा जन्म, शाप, आणि शेवटी मीलन. बाणाच्या हातून ती पुरी झाली नाही, त्याच्या मुलाने पुरी केली, आणि मुलानेही शेवट मीलनाचाच केला. तेव्हा तुझ्या गटातले ते ज्येष्ठ सदस्य स्वतःच्या अतिगंभीर पुस्तकावर "कादंबरी" असं छापतात ना, तेव्हा एका प्रेमकथेच्या नायिकेचं नाव छापत असतात. हे त्यांना सांगायची गरज नाही. तू लक्षात ठेव म्हणजे झालं.

टोपणनावाचं दुसरं कुणी सांगेल, मी माझ्याच नावाने लिहिते.

उलटतपासणी

थोडा वेगळा सूर लावतोय, रागावू नका. नीजमोड यांनी शेवट परत बदलावा याला माझं पूर्ण अनुमोदन. पण या प्रकारच्या लिखाणावरची सगळीच टीका म्हणजे तुच्छता, असं मानलं तर आपलंच नुकसान आहे.

मी या पुस्तकांचं संपादन करतो, आठवड्याला दोन-तीन हस्तलिखितं नजरेखालून जातात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आजही नायक म्हणजे नायिकेचा फोन तपासणारा, तिने कुणाशी बोलायचं ते ठरवणारा, मनगट धरून ओढणारा, आणि या सगळ्याला नाव काय तर "किती जीव आहे त्याचा". १९७२ साली अमेरिकेत एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी आली, त्या प्रकाराची मोठी लाट तिच्यापासून सुरू झाली असं मानतात, तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढे तोच तिचं प्रेम. कित्येक वर्षं तसल्या पुस्तकांची रांग लागली. यावर जे बोललं गेलं ते योग्यच होतं, आणि ते बोललं गेलं म्हणून आज लिहिणाऱ्या कितीतरी जणी संमतीचा प्रश्न टाळत नाहीत.

मात्र एक गोष्ट टीकाकारही विसरतात. जॅनिस रॅडवे नावाच्या संशोधक बाईंनी नियमित प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली एक अभ्यास छापला. स्वतः रॅडवे या पुस्तकांबद्दल बऱ्यापैकी साशंक होत्या. पण त्या वाचक बायकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की क्रूर नायक, बलात्कार, दुबळी नायिका हे आम्हाला नको असतं, आम्ही तसली पुस्तकं बाजूला ठेवतो. आणि वाचायची ती वेळ आमची स्वतःची असते, तेवढ्या वेळात आमच्याकडे कुणी काही मागत नाही. म्हणजे जिला लोक भोळी समजतात ती वाचक चांगलं-वाईट निवडत होती. आपणही लिहिताना तेवढंच कठोर असावं असं माझं म्हणणं आहे. कुणी हिणवलं की सगळ्या जॉनरची ढाल करून उभं राहायचं नाही, वाईट पुस्तकाला वाईट म्हणायचं.

आणि नीजमोड, तुमचा "हात काढतोय" म्हणणारा नायक माझ्या टेबलावर येणाऱ्या शंभरांतल्या एखाद्याच हस्तलिखितात असतो. त्याला मारू नका हो.

तिसरा_ड्राफ्ट

उलटतपासणी, पटलं. माझ्या दुसऱ्या पुस्तकातला नायक असाच मनगट धरणारा होता. नवीन आवृत्ती निघाली तेव्हा ते प्रकरण मी पूर्ण नव्याने लिहिलं.

नीजमोड

एवढ्या मनापासून उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. रात्रवाचक, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला, आम्ही दोघी रडलो. आई आता कशा आहेत?

ताई, काल रात्री फाइल उघडली. बुडण्याचं प्रकरण काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय, पुसलं नाही अजून. पण आता दुसरीच अडचण. शेवट गोड करायचा म्हटलं तर तो फुसका वाटतोय. बुडण्यात काहीतरी ताकद होती हे नाकारता येत नाही. आणि खरं सांगायचं तर जवळिकीचे प्रसंग मला जमतच नाहीत, मराठीत लिहायला बसलं की शब्दच अडतात. नायकाने "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हटलं की नाटकातला संवाद वाटतो, आणि इंग्रजीत म्हणायला लावलं की ती माणसं माझी राहत नाहीत. हे फक्त माझंच होतं का?

रात्रवाचक

आई घरी आहे. चालते थोडंफार. विचारलंत, बरं वाटलं.

तिसरा_ड्राफ्ट

नाही गं, सगळ्यांचं होतं. मराठीत शरीराबद्दल लिहायला बसलं की एका हाताला शरीरशास्त्राच्या पुस्तकातले शब्द, दुसऱ्या हाताला शिव्यांमधले, आणि मधली जागा रिकामी. कवितेतले जुने संस्कृत शब्द आणावेत तर पात्रं एकदम दागिने घालून उभी राहिल्यासारखी दिसतात. मी वर्षानुवर्षं या मधल्या जागेसाठी शब्द शोधत होते. मग लक्षात आलं की नाम शोधत बसायचंच नाही, क्रियापदं बघायची. मराठीत क्रियापदांची काय श्रीमंती आहे बघ, बिलगणं, रेलणं, विसावणं, थबकणं, शहारणं, कुरवाळणं, चाचपडणं. अवयव साधेच ठेवायचे, मान, कपाळ, कानामागची जागा, तळहात, मनगटाची आतली बाजू. बाकी सगळं काम क्रियापदावर सोडायचं. तुझ्या त्या तरंगण्याच्या प्रसंगात तू नकळत हेच केलंयस, पाठ आणि तळहात एवढीच नामं आहेत, तरी तो प्रसंग कुठल्याही शय्यागृहाच्या प्रसंगापेक्षा जवळिकीचा आहे.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे" बद्दल. आपली माणसं ते वाक्य फारसं म्हणतच नाहीत, म्हणून ते खोटं वाटतं. "पोचलीस की कळव." "अजून जागी का?" "औषध घेतलंस?" "तुझं तू ठरव, मी आहे." असल्या वाक्यांत आपण ते म्हणतो. लेखकाने काय करायचं, तर असं एखादं बिनमहत्त्वाचं वाक्य सुरुवातीला पेरायचं आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर थोडं थोडं वजन चढवत न्यायचं, म्हणजे शेवटी ते आलं की वाचणाऱ्याच्या घशाशी येतं. तुझ्याकडे ते वाक्य तयार आहे. अजून शोधतेस कशाला?

आणि मराठीत एक असं हत्यार आहे जे इंग्रजीत लिहिणाऱ्यांना मिळत नाही, तू आणि तुम्ही. तुझे दोघं एकमेकांना तुम्ही म्हणत असणार ना, कोच आणि शिकणारी, चाळिशीतली माणसं? मग तुम्हीवरून तूवर कोण आधी येतं, कुठल्या प्रसंगी, चुकून की ठरवून, आणि समोरचा ते ऐकल्याचं दाखवतो की नाही? मी एका पुस्तकात हे पूर्ण वाया घालवलं, तिसऱ्याच प्रकरणात दोघं गप्पांच्या ओघात अरे-तुरेवर आली आणि माझं लक्षही नव्हतं. एका वाचक बाईंनी पत्र लिहून विचारलं, "ते तू कधी म्हणायला लागले? मी दोनदा मागे जाऊन शोधलं." ते पत्र माझ्याकडे आहे. तेव्हापासून ड्राफ्ट झाला की मी फक्त सर्वनामं तपासायला एकदा पूर्ण पुस्तक वाचते.

आता शेवट फुसका वाटतोय त्याचं. पॅमेला रेजिस यांचं २००३ चं एक पुस्तक आहे, प्रेमकथेच्या घडणीवर, त्यात त्यांनी अशा कादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितलेत. त्यातला एक म्हणजे असा क्षण जिथे आता हे दोघं कधीच एकत्र येणार नाहीत असं वाटतं, त्याला त्यांनी मृत्यूचंच नाव दिलंय, विधीतला मृत्यू म्हणतात तसा. खराखुरा मृत्यू नव्हे, त्याची सावली. तुला बुडण्यात जी ताकद वाटली ती हीच. सावली ठेव, मरण काढ. तो मुलाला वाचवायला उडी मारतो, पाण्याखाली जरा जास्त वेळ राहतो, आणि ती काठावर. तिला आता पोहता येतं. ती काय करते? मला वाटतं तुझा खरा शेवट तिथे आहे आणि तो तिच्या हातात आहे. त्याच्या हातात नाही.

शाईपुसणं

टोपणनावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. बारा वर्षं टोपणनावाने लिहितेय आणि मी पळपुटी नाही.

जेन ऑस्टेनचं पहिलं पुस्तक १८११ साली आलं त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, फक्त "एका स्त्रीने लिहिलेलं" अशा अर्थाचे शब्द होते, आणि ती जिवंत असेपर्यंत तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव छापलं गेलं नाही. अलीकडचं बघायचं तर मेरी ब्लाय या न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात शेक्सपिअर शिकवणाऱ्या प्राध्यापक, वडील कवी, आई कथालेखिका. त्या एलॉइसा जेम्स या नावाने प्रेमकादंबऱ्या लिहीत होत्या आणि २००५ साली त्यांनी स्वतःहून ते जाहीर केलं. तोवर अनेक पुस्तकं येऊन गाजली होती. म्हणजे आधी लपवलं, मग सांगितलं, आणि दोन्ही वेळा ठरवलं त्यांनीच. मला महत्त्वाचं तेवढंच वाटतं, की सांगायचं कधी हे आपल्या हातात असावं.

माझ्या हातात ते राहिलं नाही. जुन्या नोकरीत एका सहकाऱ्याने माझं पान शोधून काढलं आणि दुपारच्या सुट्टीत, पंधरा माणसांसमोर, माझ्या पुस्तकातला चुंबनाचा प्रसंग नाटकी आवाजात वाचून दाखवला. मी तिथेच बसले होते. सगळे हसत होते. पान संपेपर्यंत मी उठले नाही, का ते आजही सांगता येत नाही. त्यानंतर सात महिने मी एक ओळ लिहिली नाही. सातव्या महिन्यात त्याच ऑफिसातल्या अकाउंट्सच्या एका बाई जिन्यात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्याने अर्धवट वाचलं त्या दिवशी. पुढे काय होतं?" मी त्यांना पुस्तक पाठवलं. त्या रात्री परत लिहायला बसले.

थोडं व्यवहाराचं. टोपणनावाचा ईमेल पूर्ण वेगळा ठेवा, त्याला रोजचा फोन नंबर जोडू नका, नाहीतर ॲप तुमच्या कॉन्टॅक्टमधल्यांना तुम्हाला सुचवतं, माझं तसंच उघड झालं होतं. करार आणि पैशांच्या कागदावर मात्र खरंच नाव लागतं, तिथे टोपणनाव चालवायला जाऊ नका. आणि जो करार कराल त्यात लिहून घ्या की खरं नाव बाहेर जाणार नाही. बहिणीला माहितीये हे फार चांगलं आहे. एक तरी माणूस असावं ज्याच्यासमोर "माझा कोच" असं बिनदिक्कत म्हणता येतं.

उलटतपासणी

शाईपुसणं, ते जिन्यातलं तुम्ही कुठेतरी सविस्तर लिहा.

नीजमोड

नऊ दिवसांनी येतेय. शेवट लिहून झाला.

तो उडी मारतो, मुलाला काठाकडे ढकलतो, आणि त्याच्या पायात गोळा येतो. ती काठावर आहे. मी आधी तिला लगेच उडी मारायला लावली होती, ते खोटं वाटलं, इतक्या वर्षांची भीती अशी जात नाही. मग तिला तीन श्वास दिले, मोजून. मग ती उतरते, उडी नाही, पायरीने, जसं त्याने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्याच्यापर्यंत पोचते आणि त्याच्या पाठीखाली तळहात धरते. सगळं पुस्तकभर हात त्याचा होता, इथे तिचा आहे. हे लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं असं होणार आहे.

सर्वनामं तपासली. तिने त्याला दोन ठिकाणी चुकून तू म्हटलं होतं, दोन्ही तुम्ही केली. आता पूर्ण पुस्तकात एकदाच आहे. काही दिवसांनी ती दोघं परत पाण्यात आहेत, सकाळची वेळ, बाकी कुणी नाही. ती पाठीवर तरंगतेय. तो म्हणतो, "हात काढतोय." रोज ती काही बोलत नाही, नुसते डोळे मिटते. त्या दिवशी उघडे ठेवते आणि म्हणते, "काढ."

शनिवारी गट आहे. हाच शेवट वाचणार आहे, आणि वाचायच्या आधी सांगणार आहे की ही प्रेमकथा आहे.